आधी माणूस, मग अर्पण

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं मी एकत्र घेतली आहेत. लिहिणारे वेगळे, गावं वेगळी, पण पाचही जणांच्या मनात शंका एकच आहे: आपण देवाची जी उपासना करतो ती त्याला पोचते का, आणि पोचली तर तो ती पदरात घेतो का? मी पाळक नाही. एकतीस वर्षं ठाण्यातल्या एका सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. निवृत्त झाल्यापासून आमच्या मंडळीत दर गुरुवारी संध्याकाळी बायकांचा बायबल वर्ग घेते. तिथे जसं बोलते तसंच इथे लिहिते.

प्रश्न: आमच्या पाळकसाहेबांनी मागच्या महिन्यात काइन आणि हाबेल यांच्यावर उपदेश केला. देवाने काइनाचं अर्पण नाकारलं हे ऐकल्यापासून मला धड झोप नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमचं उत्पन्न थांबलं, तेव्हापासून मी दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, दिलेला नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये मिस्टर करोनाने गेले. आता मुलाकडे राहते, हातात स्वतःचा पैसा नाही. रविवारी दानाची थैली समोर आली की दहा रुपये टाकते आणि मान खाली घालते. माझं अर्पणही देवाने नाकारलं असेल का? (एक भगिनी, कळवा)

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दोन वेळा लिहायला बसले आणि उठले, कारण घाईने लिहावं असं हे पत्र नाही.

काइनाची गोष्ट उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात आहे आणि ती फार थोडक्यात सांगितली आहे. काइन शेतकरी, हाबेल मेंढपाळ. काइनाने शेतातलं काही उत्पन्न आणलं. हाबेलने कळपातली पहिली जन्मलेली आणि त्यांतलीही पुष्ट मेंढरं आणली. काइनाचं धान्य किडकं होतं असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. शेतमाल देवाला चालत नाही असंही नाही, कारण लेवीय पुस्तकाचा अख्खा दुसरा अध्याय पिठाच्या आणि धान्याच्या अर्पणावर आहे. मग फरक कुठे पडला? शब्दांचा क्रम बघा. देवाने हाबेल आणि त्याचं अर्पण यांचा आदर केला, काइन आणि त्याचं अर्पण यांचा केला नाही. दोन्ही ठिकाणी आधी माणसाचं नाव येतं, मग त्याने हातात काय आणलं ते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात हाबेलच्या यज्ञाचं कारण एका शब्दात दिलं आहे: विश्वास. देव माणसाला घेतो, आणि माणसाबरोबर त्याच्या हातातलं घेतो. थैलीत किती पडलं यावरून तो माणूस मोजायला बसत नाही.

अजून एक गोष्ट त्या अध्यायात आहे, ती उपदेशात बहुतेक राहून जाते. नकार मिळाल्यावर काइन घाबरला नव्हता. तो संतापला होता. तुम्हाला संताप आलेला नाही ताई, तुम्हाला भीती वाटते आहे, आणि ती भीती कसली, तर देव आपल्यापासून लांब गेला की काय याची. ज्याला देवाचं काही पडलेलंच नाही त्याला ही भीती कशाला वाटेल? आणि त्या संतापलेल्या काइनाशीसुद्धा देव बोलला, त्याला समजावलं. भावाचा खून करून बसल्यावरही दुसऱ्या कोणी त्याला ठार मारू नये म्हणून त्याच्यावर खूण केली. हा देव तुमच्या दहा रुपयांवर रुसून बसेल असं मला वाटत नाही.

आता दशमांश. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातलं, दशमांश आणा म्हणजे ‘आकाशाच्या खिडक्या’ उघडीन, हे वचन आपल्याकडे दर वर्षी ऐकवतात. त्याच मलाखीचा पहिला अध्याय मात्र क्वचित वाचला जातो. देव तिथे ज्यांच्यावर रागावला आहे ते लोक कळपात धडधाकट जनावर असताना आंधळं, लंगडं, आजारी जनावर वेदीवर आणत होते. हेच जनावर तुमच्या सुभेदाराला नेऊन द्या बघू, तो खूश होईल का, असं देव त्यांना विचारतो. चांगलं घरात ठेवून टाकाऊ देवाला देणं हा तो गुन्हा. तुमच्या घरात ठेवायलाच काही उरलं नव्हतं.

विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे तिच्या दमडीच्या दानाची, गोष्ट तुम्हाला पाठ असेल, म्हणून ती सांगत नाही. कमी सांगितली जाणारी सांगते. लेवीयच्या पाचव्या अध्यायात पापार्पणाचा नियम आहे. ऐपत असेल त्याने मेंढी किंवा शेळी आणावी. तेवढी ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. तेही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे आपल्या मापाने दोनेक लिटरचं भांडं भरेल एवढं पीठ. त्यावर तेल नको, धूप नको. आणि तिन्ही ठिकाणी याजक त्याच्यासाठी सारखंच प्रायश्चित्त करतो, आणि पीठवाल्यालाही सांगितलं आहे: त्याला क्षमा होईल. मेंढीवाल्याला मोठी क्षमा आणि पीठवाल्याला छोटी, असं नाही. लूकच्या दुसऱ्या अध्यायात मरीया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन मंदिरात गेले तेव्हा त्यांनी पक्ष्यांची जोडी अर्पण केली. मेंढरू परवडत नाही त्यांचं ते अर्पण. प्रभूच्या आईवडिलांनी कुठल्या रांगेत उभं राहून दिलं, हे लक्षात घ्या आणि पुढच्या रविवारी मान खाली घालू नका. पौलाने करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात स्पष्ट लिहिलं आहे की देण्याची इच्छा असली म्हणजे माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होतं, नाही त्याप्रमाणे नव्हे.

मिस्टर गेले आणि दशमांश थांबला, या दोन गोष्टी तुम्ही एका दोऱ्यात ओवल्या आहेत. तो दोरा तोडा. आमच्या मंडळीत करोनाच्या त्या दोन महिन्यांत ज्या घरांतून माणसं गेली, त्यांत एक रविवार न चुकलेली, एक पैसा न चुकवलेली घरं होती. पिलाताने मारलेल्या गालीलकरांची गोष्ट लोकांनी येशूजवळ काढली, तेव्हा त्याने स्वतःच शिलोहातला बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांची आठवण दिली. ते अठरा जण यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का, असं विचारून त्याने स्वतःच ‘नाही’ म्हणून सांगितलं. लूकचा तेरावा अध्याय आहे, आज रात्री झोपण्याआधी वाचा.

देव उपासना नाकारतो, हे खरं आहे. ते लपवून मी तुमची समजूत घालणार नाही. पण नाकारतो कोणाची, ते यशयाच्या पहिल्या अध्यायात लख्ख लिहिलं आहे. ज्यांचे प्रार्थनेला पसरलेले हात रक्ताने भरले आहेत त्यांची. त्यांना तो सांगतो, आधी स्वच्छ व्हा, अनाथाचा न्याय करा, विधवेचा कैवार घ्या. म्हणजे त्या अध्यायात तुमची जागा कुठे आहे बघा. देव जिची बाजू घेतो आहे ती तुम्ही आहात. अठ्ठावन्नाव्या अध्यायात तो उपास करणाऱ्यांना म्हणतो की उपासाच्याच दिवशी तुम्ही तुमच्या मजुरांना पिळून घेता. हे वचन वाचलं की मला आमच्यातल्या काही बायका आठवतात. लेंतच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, चाळीस दिवसांत मांसमच्छीला शिवायचं नाही, गुड फ्रायडेला पांढरी साडी नेसून तीन तास बसायचं, आणि घरी भांडी घासणाऱ्या बाईने मुलगा तापाने फणफणला म्हणून दोन दिवस खाडा केला तर पगारातून कापून घ्यायचे. झोप उडायची तर त्यांची उडायला हवी.

शेवटचं सांगते. आपण प्रार्थनेच्या शेवटी ‘येशूच्या नावात’ म्हणतो. सवयीने ते इतकं पटकन तोंडातून जातं की कानाला ऐकूही येत नाही. वॉर्डच्या दारात चार वाजता नातेवाइकांची गर्दी व्हायची तेव्हा आमचा वॉचमन प्रत्येकाला एकच विचारायचा, ‘आत कोण आहे तुमचं?’ पायात काय आहे, डब्यात काय आहे, हे तो बघत नसे. आतल्या पेशंटचं नाव सांगता आलं की दार उघडायचं. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आपली अर्पणं देवाला पसंत पडतात ती येशू ख्रिस्ताच्या द्वारे, असं म्हटलं आहे. आत तुमचं माणूस आहे, ताई. त्याचं नाव तुम्हाला ठाऊक आहे.

प्रश्न: आमच्या चर्चमध्ये तरुण संघाने कीबोर्ड, गिटार आणि ड्रम आणले. जुनी मंडळी म्हणतात, पेटी-तबल्यावरची भजनं हीच खरी उपासना, हा नुसता धांगडधिंगा. दोन्ही बाजूंनी वचनं काढून दाखवतात. देवाला कुठलं संगीत मान्य आहे? (मंडळीचे एक सभासद, ऐरोली)

उत्तर: दीडशेव्या स्तोत्रात कर्णा, सतार, वीणा, डफ, तंतुवाद्यं, झांजा, सगळं आहे, नृत्यही आहे. त्यामुळे वाद्यावरून वचनं काढायची तर ड्रमवाले जिंकतील. पण आमोसाच्या पाचव्या अध्यायात देव म्हणतो की तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून दूर करा. तकोवाचा हा गुराखी, उंबरांची निगा राखणारा साधा माणूस, हे बोलला. त्याची तक्रार वाद्यांच्या जातीविषयी नव्हती. गाणारेच वेशीत गरिबाचा न्याय विकत होते, म्हणून ते गाणं देवाला ऐकवत नव्हतं.

जुन्या मंडळींना एक सांगा. आपली म्हणतो ती पेटी एकोणिसाव्या शतकात युरोपातून इकडे आली. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) आपल्या मराठी कानाला ओळखीच्या चालींत, अभंगाच्या वळणाने भजनं लिहिली तेव्हा इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं गाणाऱ्या मंडळ्यांत तीच नवी होती. तरुणांनाही एक सांगा. शेवटच्या बाकावरच्या आजीला शब्द कळले नाहीत, तिला सोबत गाता आलं नाही, तर ती कशाला ‘आमेन’ म्हणेल? हा सवाल पौलाने परभाषेतल्या प्रार्थनेबद्दल केला आहे, पहिल्या करिंथकरांसच्या चौदाव्या अध्यायात, पण मोठ्या आवाजालाही तो लागू पडतो. मला स्वतःला पेटी आवडते. ड्रमने माझं डोकं दुखतं. पण ते माझं डोकं आहे, देवाचं मत नव्हे.

प्रश्न: मी हिंदू आहे. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर नाताळच्या रात्री चर्चमध्ये गेले होते. फार प्रसन्न वाटलं. पण तिथे नैवेद्य नव्हता, आरती नव्हती. मग तुम्ही देवाला देता काय? आमच्याकडे म्हणतात, देव भावाचा भुकेला. तुमच्याकडेही तसंच आहे का? (एक वाचक, नौपाडा)

उत्तर: तुम्ही मोकळेपणाने विचारलंत, बरं वाटलं. सगळ्या चर्चमध्ये सारखं नसतं, हे आधी सांगते. तलावपाळीजवळच्या संत जॉन बाप्टिस्टच्या जुन्या कॅथलिक चर्चसारख्या ठिकाणी मोठ्या सणाला गेलात तर धूप दिसेल, आणि वेदीवरच्या मिस्साला कॅथलिक लोक यज्ञच म्हणतात, ख्रिस्ताचा तोच एक यज्ञ तिथे समोर येतो या अर्थाने. आमच्यासारख्या प्रोटेस्टंट मंडळीत साधी भाकर आणि द्राक्षरसाचा पेला असतो, त्याला आम्ही प्रभुभोजन म्हणतो. जुन्या करारात मंदिर होतं, पशूंचे यज्ञ होते. यरुशलेमातलं ते मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमी सैन्याने पाडलं. ख्रिस्ती माणसाची श्रद्धा अशी की त्याच्या आधीच, वधस्तंभावर, ख्रिस्ताने स्वतःला एकदाच अर्पण केलं आणि पापासाठी दुसरा यज्ञ उरला नाही.

मग आम्ही देतो काय? इब्री लोकांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. ओठांनी केलेली स्तुती, आणि दुसऱ्याचं भलं करणं, आपल्यातलं त्याला देणं. अशा यज्ञांनी देव संतुष्ट होतो, असं तिथे म्हटलं आहे. आणि रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल सांगतो की आपली शरीरं जिवंत, पवित्र आणि देवाला ग्रहणीय असा यज्ञ म्हणून द्या. शरीरं म्हणजे रोज सकाळी उठून कामाला लागणारी हीच शरीरं. माझ्यापुरतं सांगायचं तर बेडपॅन उचलणारे हे हात.

‘देव भावाचा भुकेला’ ही म्हण माझ्या आजीच्याही तोंडी होती, आणि ती ख्रिस्ती होती. म्हणीतला गोडवा मला कळतो. शोमरोनी बाईने याकोबाच्या विहिरीवर येशूला विचारलं होतं की उपासना आमच्या डोंगरावर करायची की यरुशलेमात. तेव्हा त्याने जागेचा वादच बाजूला ठेवला आणि म्हणाला, देव आत्मा आहे, त्याच्या उपासकांनी त्याची उपासना आत्म्याने आणि खरेपणाने केली पाहिजे. पण एक फरकही आहे. पन्नासाव्या स्तोत्रात देव म्हणतो, मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, कारण जग माझं आहे. तो कशाचाच भुकेला नाही, आमच्या भावाचाही नाही. आणि हे माझ्यासारखीला फार दिलासा देणारं आहे. रात्रपाळीत एकापाठोपाठ तीन पेशंट गेलेल्या एका पहाटे मी ड्युटीरूममध्ये प्रार्थनेला बसले होते. आत भाव म्हणून काही नव्हता. कोरड पडली होती. देव माझ्या भावावर जगत असता तर त्या दिवशी त्याचा उपास घडला असता. मी फक्त त्याचं नाव घेतलं आणि भिंतीला डोकं टेकून बसले. तीही उपासना त्याने घेतली, असं मी मानते.

प्रश्न: माझ्या मोठ्या जाऊबाईंशी चार वर्षं बोलणं नाही. सासऱ्यांच्या खोलीच्या वाटणीवरून बिनसलं. चूक त्यांची आहे. ‘अयोग्य प्रकारे जो खातो-पितो तो आपल्यावर दंड ओढवून घेतो’ हे वचन ऐकून मी वर्षभर प्रभुभोजन घेतलेलं नाही. पहिल्या रविवारी भाकर वाटायला लागले की उठून बाहेर जाते. लोक बघतात. मी काय करू? (एक भगिनी, कोपरी)

उत्तर: आधी वचनाचं बघू. पहिलं करिंथकर, अकरावा अध्याय. तिथे ‘अयोग्य प्रकारे’ म्हणजे काय, हे पौलाने आदल्याच ओळींत सांगितलं आहे. करिंथच्या मंडळीत ऐपतदार लोक आधी येऊन जेवून घेत, पिऊन तर्र होत, आणि काही नसलेले उपाशी राहत. प्रभूच्या मेजावर भावंडाला कस्पटासमान लेखणं, हे ते अयोग्य वागणं. आणि त्यावर उपाय म्हणून पौल ‘बाहेर जाऊन बसा’ असं सांगत नाही. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी, असं सांगतो. तुम्ही परीक्षेपाशी थांबला आहात.

आता मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं प्रभूचं वचन. वेदीपाशी अर्पण नेलं असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे अशी आठवण झाली, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण वाहा. हे ऐकणारे बरेच लोक गालीलातले. वेदी यरुशलेमात. पायी तीन-चार दिवसांची वाट. म्हणजे जनावर तिथे ठेवून घरी परत जायचं, भावाशी बोलायचं, पुन्हा तितकंच चालून यायचं. प्रभूला ते ठाऊक होतं, तरी तो तेच म्हणाला. आणि शब्द नीट वाचा. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं तो म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं म्हणतो. मला हा फरक समजायला अठ्ठावीस वर्षं गेली. पुढचं माझ्या धाकट्या जावेला विचारूनच लिहिते आहे.

१९९३ मध्ये माझ्या सासूबाई तीन महिने अंथरुणावर होत्या. मी नर्स, त्यामुळे रात्री माझ्याकडे. धाकटी जाऊ खारेगावला राहायची. यायची, तासभर बसायची, जायची. सासूबाई गेल्यावर त्यांच्या सोन्याच्या पाटल्या तिच्याकडे गेल्या, त्यांनीच तसं सांगून ठेवलं होतं. मला ते लागलं. मातीच्या दिवशी जमलेल्या नातेवाइकांसमोर मी म्हणाले, ‘हिने एक रात्र काढली नाही, आणि पाटल्या हिला.’ त्यानंतर वर्षभर आमचं बोलणं बंद. माझ्या मते भांडण पाटल्यांचं होतं आणि चूक तिची होती.

१९९४ च्या एका पहिल्या रविवारी हेच वचन वाचलं गेलं. मी अनेकदा ऐकलेलं. पण त्या दिवशी ‘तुझ्याविरुद्ध’ या शब्दावर अडकले. तिच्या मनात माझ्याविरुद्ध काय असेल, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. दान गोळा होत होतं तेव्हा उठले. तलावपाळीच्या कडेने स्टेशनपर्यंत चालत गेले, तिथून रिक्षा केली. कळव्याचा पूल ओलांडताना परत फिरावं असं दोनदा वाटलं.

दार तिनेच उघडलं. हाताला खवले आणि रक्त, कारण ती मांदेली साफ करत बसली होती. म्हणाली, ‘ताई, आत या, पण माझे हात असे आहेत.’ मी चर्चची साडी खोचली आणि मोरीच्या कट्ट्यावर तिच्याशेजारी बसले. मांदेली साफ करायची म्हणजे एकेकाचं डोकं मोडायचं, त्याबरोबर पोट ओढून काढायचं, पाण्यात टाकायचं. परातभर मांदेली होती. अर्धी झाली तरी आम्ही दोघी गप्प. मग मी म्हणाले, ‘माझं काय चुकलं ते तू सांग.’ तिने हात थांबवला नाही. सासूबाईंच्या आजारपणात तिला दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला होता. तिच्या आईशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. तशा अंगाने ती खारेगावहून यायची, तासभर बसायची. आणि मी चारचौघांत तिला ते वाक्य ऐकवलं होतं. मी, नर्स. रोज बायकांचे पांढरे पडलेले चेहरे बघणारी. तिचा चेहरा मी बघितला नव्हता. पाटल्यांचा तिच्या मनात विषयही नव्हता.

मी तिची माफी मागितली. तिने त्या दिवशी केली नाही. ‘बघू’ म्हणाली, आणि जाताना डब्यात मांदेली दिली. मी परत पोचले तेव्हा चर्चला कुलूप होतं. तो महिना मला प्रभुभोजन मिळालं नाही. पण देवाने त्या महिन्यात माझ्याकडून जे घेतलं ते त्याआधीच्या सगळ्या रविवारांत घेतलं नसावं, असं मला वाटतं.

तुमच्या जाऊबाईंची चूक असेलही. खोली कोणाची, हे मला इथे बसून कळणार नाही आणि ते ठरवणं माझं काम नाही. पण त्यांच्या मनात तुमच्याविरुद्ध काय आहे, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. कदाचित तुम्हाला माहीतच नसेल. जा आणि विचारा. वाटणीची कागदपत्रं नेऊ नका. त्यांनी दार लावून घेतलं तर तुमच्याकडून व्हायचं ते झालं. पौल म्हणतो, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, शांतीने राहा. तेवढं झालं की येत्या पहिल्या रविवारी बाहेर जाऊ नका, हात पुढे करा. (मारहाण करणाऱ्या, जिवाला धोका असलेल्या घरी परत जा, असा याचा अर्थ कोणी काढू नये. तिथे आधी जीव वाचवायचा.)

प्रश्न: मी सव्वीस वर्षांचा आहे, रेल्वेत ट्रॅकमन आहे. रविवारी मेगाब्लॉक असला की आमची गँग रुळावर असते, त्यामुळे महिन्यातले बहुतेक रविवार चर्च चुकतं. वडील म्हणतात, चुकलेली उपासना भरून येत नाही. मी काम करताना एका कानात इयरफोन घालून उपदेश ऐकतो. देव हे मान्य करेल का? (एक तरुण, दिवा)

उत्तर: बाळा, तुझ्या वडिलांची काळजी खोटी नाही. एकत्र जमणं सोडू नका असं इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात सांगितलं आहे, आणि एकटा राहिलेला निखारा लवकर विझतो हे मीही पाहिलं आहे. पण रविवारची सुट्टी ही उपासनेची अट कधीच नव्हती. पहिल्या तीनशे वर्षांतल्या ख्रिस्ती लोकांना रविवार हा कामाचाच दिवस होता. त्यांच्यात कितीतरी गुलाम होते, त्यांना कोण सुट्टी देणार? इसवी सन ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमी सुभेदाराने बादशहाला कळवलं होतं की हे लोक ठरावीक दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. उजाडायच्या आत, बहुधा नंतर कामाला जायचं असे म्हणून. रविवारी कामं बंद ठेवायचा हुकूम काँस्टंटाइन बादशहाने काढला तो ३२१ मध्ये. आणि मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये, आपल्या ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून मिळवून दिली म्हणून.

येशू म्हणाला होता की याजक शब्बाथ, म्हणजे विसाव्याच्या, दिवशी मंदिरात काम करतात तरी निर्दोष असतात. मत्तयच्या बाराव्या अध्यायात आहे. तू दुरुस्त केलेल्या रुळावरून सोमवारी सकाळी लाखो माणसं सुखरूप कामाला जातात. ते काम देवासमोर हलकं धरू नकोस. मीही कितीतरी रविवार वॉर्डात काढले. त्यातून एक सवय लागली, ती तुला सांगते. ज्या रविवारी चर्च चुके त्या आठवड्यात मी बुधवारची घरगुती प्रार्थनासभा चुकवत नसे. दिव्यात किंवा मुंब्रा-कळव्याच्या बाजूला तुमच्या मंडळीतल्या कोणाच्या तरी घरी अशी सभा होत असेल, वडिलांना विचार, त्यांच्याबरोबरच जा. पाळकसाहेबांना तुझी ड्युटी सांग आणि प्रभुभोजनाचं विचार. आजारी माणसांना ते घरी जाऊन देतात, तुलाही एखाद्या संध्याकाळी देतील.

इयरफोन मात्र काढ. देव मान्य करेल का, हा प्रश्न मी इथे घेतच नाही. शेजारच्या रुळावरून गाडी येताना तुमच्या लुकआउटमनने शिट्टी मारली तर ती दोन्ही कानांनी ऐकू आली पाहिजे. रुळावर कापलेली माणसं आमच्या कॅज्युअल्टीत मी उतरवून घेतली आहेत. उपदेश रात्री घरी आल्यावर ऐक, जेवण झाल्यावर, आईबरोबर बसून.